वारा, पाऊस आणि तित्तिराची साद

फाल्गुन सरत आला, गहू-हरभऱ्याची काढणी उरकली आणि कयाधूच्या खोऱ्यातील शेते मोकळी पडली, म्हणजे सूर्योदयाच्या आगेमागे हिंगोली, सेनगाव आणि औंढा या तालुक्यांच्या माळांवरून राखी तित्तिराचा जो खणखणीत, पुनःपुन्हा आवर्तणारा घोष उठतो, तो एखाद्या पहाटे पलीकडच्या शिवारातूनही स्पष्ट ऐकू यावा आणि दुसऱ्या पहाटे, त्याच वेळी, त्याच धुऱ्यावर कान देऊन उभे राहिले तरी मुळीच येऊ नये, हा अनुभव या मुलखातल्या गुराख्याला, राखणदाराला आणि पूर्वीच्या शिकाऱ्याला सारखाच परिचित आहे. पक्षी एका रात्रीत परागंदा झालेला नसतो. बदललेली असते ती हवा. परंतु हवेने पक्ष्याला गप्प बसविले, की बोलणाऱ्या पक्ष्याचा आवाजच आपल्यापर्यंत पोहोचू दिला नाही, हे दोन अगदी भिन्न प्रश्न आहेत, आणि माझ्या मते या विषयातील बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत केल्यानेच उत्पन्न झाले आहेत.

या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा झाला तो अमेरिकेत, रानटर्कीच्या निमित्ताने. मोर, तित्तिर आणि लावा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा अवजड पक्षी. वसंत ऋतूत त्याचा नर पहाटे झाडावरच्या रातथाऱ्यावरून गडगडाटी साद घालतो, आणि तिकडच्या कायद्याने वसंतातील शिकारीस ठरावीक मुदतीची परवानगी असल्यामुळे शिकाऱ्याचे सारे यश त्या सादेवर अवलंबून राहते. कारण दाट रानात नराचा ठाव लागतो तो आवाजावरून, आणि मादीच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ बोलावायचे तेही तो उत्तर देत असेल तरच. म्हणून तेथील संशोधकांनी रानात स्वयंचलित ध्वनिमुद्रक बांधून ठेवले, हंगामभराच्या पहाटा त्यांत साठविल्या आणि त्या नोंदी वारा, पाऊस व तापमान यांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सूर्योदयाच्या सुमारास साद सर्वाधिक असते, वारा वाढला की नोंदी घटतात, पाऊस लागला की अधिकच घटतात, हे त्यातून दिसून आलेच. परंतु दक्षिण कॅरोलिनात शिकार होणाऱ्या आणि न होणाऱ्या रानांची तुलना केल्यावर असेही आढळले, की जेथे बंदुकीचा वावर आहे तेथे नर बोलतातच कमी. शिकारी ज्याचे खापर हवेवर फोडतो, त्याचा काही भाग त्याच्याच पदरी पडतो, ही गोष्ट मला या साऱ्या संशोधनातील सर्वांत विचारार्ह वाटते.

आता आपल्या माळावर परत यावे. मार्च महिन्यात मराठवाड्यातील दिवस आणि रात्र यांच्या तापमानात पंधरा अंशांहून अधिक अंतर असते. आकाश निरभ्र असल्यामुळे रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने बाहेर टाकते, तिला लागून असलेली हवा थंड होते, आणि पहाटेपर्यंत खाली गार व वर त्याहून उबदार असा उलटा थर तयार होतो. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे 331 मीटर असतो आणि दर अंशामागे तो सुमारे 0.6 मीटरने वाढतो. फरक क्षुल्लक खरा. तथापि वरच्या उबदार थरात ध्वनिलहरीचा माथा किंचित पुढे सरकतो आणि पायथा मागे रेंगाळतो, त्यामुळे सगळी लहर हळूहळू खाली, जमिनीकडे वाकते. आकाशात विरून जाणारा आवाज असा पुन्हा भूपृष्ठाकडे वळविला गेला, की धुऱ्यावरच्या दगडांच्या राशीवर चढून ओरडणाऱ्या तित्तिराची साद एरवी पोहोचली नसती तेथे पोहोचते. दुपारी हाच बंदोबस्त नेमका उलटतो: तापलेल्या जमिनीलगतची हवा उष्ण, वरची तुलनेने थंड, आवाज वर वळतो, आणि काही अंतरापलीकडे एक ध्वनिछाया पडते, जिच्यात उभ्या असलेल्या माणसाला समोर तोंड उघडणारा पक्षी दुर्बिणीतून दिसावा पण ऐकू येऊ नये.

अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलनी उतरतो, हा तर मोकळ्या हवेतला मूळ नियमच. त्यावर वारा आपला कर बसवितो. वाऱ्याचा वेग जमिनीलगत कमी व उंचीवर अधिक असल्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणारी साद खाली वाकते, तर वाऱ्याविरुद्ध निघालेली वर उचलली जाते. शिवाय पऱ्हाट्यांची वाळकी बोंडे आणि पळसाची पाने यांच्या सळसळीत ती बुडून जाते ते निराळेच. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची जी वेधशाळा उभी राहत आहे, आणि जिला केंद्र सरकारने 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली, तिच्यासाठी जागा निवडताना जमिनीच्या कंपनांची शांतता हा मोठा निकष होता. विश्वातील अतिदूरच्या घडामोडींचा कानोसा घेणाऱ्यांना ज्या जिल्ह्याची निश्चलता मोलाची वाटली, त्या जिल्ह्यात तित्तिरासाठीही कोणी शास्त्रीय कान लावावा, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर वाऱ्यात गप्प राहण्याला सबळ कारण आहे. जमिनीवर वावरणाऱ्या या जीवाला कोल्हा, रानमांजर आणि मुंगूस यांची चाहूल कानानेच घ्यावी लागते; सळसळीत ती लागत नाही, तेव्हा आपला ठावठिकाणा जाहीर करणे त्याला परवडत नाही. वैशाखातील उन्हाचा प्रश्न आणखी वेगळा. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. मुख्यतः चोच उघडून धापा टाकून त्यांना अंगातील उष्णता घालवावी लागते, आणि ज्या श्वासाने धाप टाकायची त्याच श्वासाने साद घालायची असल्यामुळे नऊ-दहाच्या सुमारास तित्तिर बोरीच्या जाळीत शिरतो तो उन्हे कलल्यावरच बाहेर पडतो. हवेचा दाब चढला की साद वाढते, हे अमेरिकी शिकाऱ्यांचे अनुमान मात्र इथे जसेच्या तसे आणू नये. तिकडे दाब चढला म्हणजे सामान्यतः आकाश स्वच्छ व वारा मंद असतो. आपल्या उष्ण कटिबंधात रोज सकाळी दहा व रात्री दहाच्या सुमारास दाब ठराविकपणे चढतो व मध्ये उतरतो, आणि स्थिर हवेच्या दिवसांत हा दैनंदिन चढउतारच आजच्या व उद्याच्या दाबातील फरकाहून मोठा असतो.

हे सारे ज्ञान पुस्तकात येण्यापूर्वी फासेपारध्यांच्या अंगवळणी पडले होते. पाळलेला बोलका नर पिंजऱ्यात घालून, वर फडके टाकून, उजाडण्यापूर्वी रानात न्यायचा. भोवती खुंट्यांना बांधलेल्या फाशांची ओळ मांडायची. दिशा फुटताच फडके काढायचे. पिंजऱ्यातल्याने साद घातली की त्या हद्दीचा मालक चवताळून उत्तर देई, थोडा धावे, थांबे, मान ताणून पुन्हा ओरडे, आणि परक्याला हुसकण्यासाठी सरळ फाशांच्या ओळीत येई. वारा पडलेला नसेल तर पारधी रिकाम्या हाताने परते, कारण त्याच्या पक्ष्याचे आव्हान रानातल्याला पोहोचतच नसे. निरीक्षणाची ही परंपरा ज्यांनी जोपासली त्यांना इंग्रजी अमदानीतील 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची सुरुवात झाली, आणि तो कलंक कायद्याच्या दप्तरातून पुसला जाण्यास 1952 साल उजाडावे लागले, हा अन्याय या विषयावर लिहिणाऱ्याने विसरता कामा नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली आज तित्तिराची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा. पण त्या फाशांमागची विद्या मोजदादीच्या कामी यावी, असे मला कळकळीने वाटते. शेजारच्या वाशीम-अकोला भागात ‘संवेदना’ या संस्थेच्या साहाय्याने फासेपारध्यांनी गवताळ राने राखून तणमोराच्या रक्षणाचे काम हाती घेतले, हे त्याचे जिवंत उदाहरण समोर आहेच.

तणमोराचे उदाहरण आणखी एका कारणाने उपयोगी आहे. त्याचा काळापांढरा नर पावसाळ्यात गवतातून उसळी मारून बेडकासारखा आवाज करतो, आणि कोणत्या वर्षी तो कोणत्या कुरणात दिसेल हे बऱ्याच अंशी त्या वर्षीच्या पावसावर ठरते. आपल्याकडील दुसरा तित्तिर, म्हणजे अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचा चित्रांग तित्तिर, हाही पावसाचाच गायक. राखी तित्तिर वसंत-ग्रीष्मात घुमत असता तो जवळजवळ मौन पाळतो. मृगाच्या सरी पडून गवत उगवले, किडा-मुंगी विपुल झाली, म्हणजे झुडपाच्या किंवा वारुळाच्या माथ्यावर चढून त्याची घोगरी, करकरीत साद सुरू होते आणि भाद्रपदापर्यंत टिकते. अमेरिकेला टर्कीसाठी एक वसंत पुरतो. हिंगोलीला दोन पंचांगे ठेवावी लागतात.

सलीम अली यांनी 1931-32 मध्ये निजामाच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा हिंगोली त्याच राज्यात होती. त्यानंतर या मुलखातली ज्वारीची शेते मोठ्या प्रमाणावर सोयाबीनखाली गेली, वसमतकडे हळद पसरली, माळ आक्रसले. या बदलात तित्तिरांचे काय झाले हे कानानेच मोजावे लागेल, कारण गवतात दडलेला पक्षी डोळ्यांना क्वचितच सापडतो. आणि कानाने मोजायचे तर प्रत्येक नोंदीसोबत वाऱ्याचीही नोंद हवी. त्यासाठी यंत्र लागत नाही: पाने व बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या, म्हणजे वारा ताशी 12 ते 19 किलोमीटरच्या श्रेणीत गेला असे समजून त्या दिवसाची मोजणी सोडून द्यावी. ठिकाण, वेळ आणि थांबण्याचा अवधी वर्षानुवर्षे एकच ठेवावा. राखी तित्तिरासाठी मार्च-एप्रिलच्या पहाटा निवडाव्यात, चित्रांगासाठी जुलै-ऑगस्टमधील पावसाने उघडीप दिलेल्या. जो केवळ मार्चमध्ये फिरेल त्याच्या वहीत चित्रांग तित्तिराच्या नावापुढे शून्य पडेल, आणि ते शून्य खोटे असेल.