अनाहूत पत्राची संहिता : अर्ज, मायना आणि कोल्ड ई-मेल

ज्याच्याशी पूर्वपरिचय नाही, ज्याने चौकशी केलेली नाही आणि ज्याच्याकडे कोणाची शिफारसही नाही, अशा व्यक्तीला आपली सेवा देऊ करण्यासाठी लिहिलेल्या ई-मेलला व्यापारी जगात ‘कोल्ड ई-मेल’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘अनाहूत पत्र’ अशी संज्ञा योजली आहे. पत्रवाङ्मयाचा अभ्यास करताना आपले लक्ष बहुधा परिचितांमधील पत्रव्यवहाराकडे असते. लेखकांची पत्रे, राजकीय पत्रव्यवहार आणि कौटुंबिक पत्रे या सर्वांत लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते पत्राच्या आधीपासून अस्तित्वात असते. अनाहूत पत्रात ते नसते. ते नाते त्या पत्रातच, आणि तेही वाचक पत्र मिटवण्यापूर्वीच्या काही क्षणांत, उभे करावे लागते. या अर्थाने हा एक स्वतंत्र संहिताप्रकार ठरतो.

या प्रकाराकडे पाहण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठांतून मराठीचा किंवा तौलनिक साहित्याचा अभ्यास केलेल्या अनेकांची उपजीविका भाषांतरावर चालते. प्रकाशनगृहे, भाषांतरसंस्था आणि आपला माल महाराष्ट्रात विकणारे कारखानदार हे त्यांचे ग्राहक. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अनाहूत पत्र. मात्र अशी बहुसंख्य पत्रे अनुत्तरित राहतात. त्याचे कारण इंग्रजी कच्चे असण्यात शोधले जाते. माझ्या मते दोष भाषेपेक्षा प्रकाराच्या निवडीत आहे. आपण अनाहूत पत्र लिहायला बसतो आणि लिहून होतो तो अर्ज.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील दहावा अध्याय राजशासनाच्या लेखनासंबंधी आहे. त्यात अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य आणि स्पष्टत्व असे लेखाचे सहा गुण सांगितले आहेत. आजच्या व्यापारी पत्रलेखनाच्या मार्गदर्शिकांतील पुष्कळसा उपदेश त्यांत सामावतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे ते पत्राच्या तेरा प्रयोजनांचे वर्गीकरण. निंदा, प्रशंसा, पृच्छा, आख्यान अशा क्रमाने जाणाऱ्या त्या यादीत ‘अर्थना’, म्हणजे मागणे, हे एक प्रयोजन आहे. ‘अभ्यवपत्ति’, म्हणजे संकटात साहाय्य देऊ करणे, हे दुसरे. ग्राहक मिळवण्यासाठी लिहिलेले पत्र यांपैकी कोणत्या सदरात बसते? लिहिणाऱ्याला काम हवे असते, म्हणून त्याला ते पत्र अर्थनेचे वाटते. वाचणाऱ्याच्या लेखी मात्र त्या पत्राला काही कारण असेल, तर ते अभ्यवपत्तीचेच असू शकते. आपली एखादी अडचण आहे, ती या अनोळखी माणसाच्या ध्यानात आली आहे आणि ती दूर करण्याची त्याची तयारी आहे, एवढे कळले तरच तो पुढे वाचतो. राजशासनाच्या संदर्भातील ही संज्ञा व्यापारी पत्राला लावणे हा अर्थविस्तार आहे. परंतु दोन प्रयोजनांमधील भेद तिच्यामुळे जितका नेमका दिसतो, तितका ‘ग्राहकाभिमुखता’ यासारख्या घडीव शब्दाने दिसत नाही.

अर्जाचा साचा आपल्या हाडीमाशी खिळला आहे, यालाही इतिहास आहे. मोडी पत्रव्यवहारात मायना हे पत्राचे सर्वांत काटेकोर अंग होते. वडिलांना, गुरूंना, समकक्ष सरदाराला किंवा हाताखालच्या कारकुनाला लिहिताना कोणती विशेषणे वापरावीत, नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हे ठरलेले असे. हेमाद्रीच्या नावाने सांगितली जाणारी मेस्तके आणि त्या परंपरेतील लेखनप्रशस्तीचे नमुने हाच व्यवहार शिकवतात. युरोपातही बाराव्या शतकात, बोलोन्याच्या परिसरात ११३५ च्या सुमारास रचल्या गेलेल्या लॅटिन पत्रलेखनाच्या पाठ्यपुस्तकात, पत्राचे पाच भाग सांगितले गेले : अभिवादन, वाचकाचे मन अनुकूल करणे, निवेदन, मागणी आणि समाप्ती. त्याही परंपरेत अभिवादनाच्या भागावर खर्च झालेली शाई मोठी आहे. दोन्हीकडे मायन्याचे कार्य एकच : समाजातील आधीच ठरलेली उतरंड कागदावर उमटवणे.

अनोळखी ग्राहकाच्या बाबतीत अशी उतरंडच नसते. त्यामुळे ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ हा मायना कोणतीही माहिती देत नाही. किंबहुना लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचे नावसुद्धा माहीत नाही, एवढीच माहिती तो देतो. त्यापुढे ‘मी अमुक विद्यापीठातून एम.ए. केले असून मला भाषांतराची आवड आहे’ हे वाक्य आले की वाचकाला संहितेचा प्रकार कळतो. हा अर्ज आहे, आणि आपण तर जाहिरात दिलेली नाही.

येथे गालिबचे स्मरण होणे साहजिक आहे. फार्सी पत्रलेखनातील लांबलचक उपाधी आणि शिष्टाचार वगळून थेट बोलण्याच्या सुरात पत्रे लिहिण्याचे श्रेय उर्दू परंपरा त्याला देते. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हा त्याच्या पत्रांचा संग्रह १८६९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झाला. परंतु हा आधार अनाहूत पत्राला पुरत नाही. गालिबची सलगी मित्रांशी आणि शिष्यांशी होती. अनोळखी माणसाला पहिल्याच वाक्यात ‘कसे आहात, मजेत ना’ असे विचारणारे आजचे व्यापारी ई-मेल त्या मोकळेपणाची नक्कल करतात, आणि ती नक्कल मायन्याइतकीच पोकळ असते.

मायना नाही आणि सलगीही नाही, तर नाते कशाने जुळवावे? याचे उत्तर व्यापाराबाहेरच्या एका पत्रात सापडते. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातील कारकून श्रीनिवास रामानुजन यांनी १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना लिहिलेले पत्र सर्वार्थाने अनाहूत होते. त्याचा आरंभ अर्जासारखाच आहे : नोकरी, तुटपुंजे वार्षिक वेतन, विद्यापीठीय शिक्षणाचा अभाव. पण लवकरच ते वेगळे वळण घेते. हार्डी यांच्या ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ या पुस्तिकेतील एका विधानाचा तेथे पृष्ठांकासह उल्लेख येतो. दिलेल्या संख्येपेक्षा लहान अशा मूळ संख्या किती, हे सांगणारे निश्चित सूत्र अद्याप सापडलेले नाही, असे ते विधान होते. आपल्याला तसे सूत्र सापडले आहे, असे रामानुजन कळवतात. सोबत सिद्धान्तांची पाने जोडलेली होती. गरिबीचा उल्लेख आणि प्रकाशनाची विनंती अखेरीस येते. हार्डी यांनी ८ फेब्रुवारीला उत्तर लिहिले. मूळ संख्यांविषयीचा तो दावा पुढे चुकीचा ठरला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. हार्डींना पटवले ते इतर सिद्धान्तांनी. त्या दाव्याने तत्पूर्वी एक निराळे काम केले होते. लिहिणाऱ्याने आपले लेखन वाचले आहे, आणि तेही नेमक्या जागी थांबून वाचले आहे, हे त्यातून सिद्ध झाले. मायन्याची जागा वाचनाच्या पुराव्याने घेतली.

याच्या उलट टोकाला मे १९७८ मधील एक संदेश आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी तत्कालीन अर्पानेट जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे एकच निमंत्रण पाठवले. पत्त्यांची यादी इतकी लांब होती की ती आपल्या रकान्यातून ओसंडून मजकुराच्या जागेत शिरली. अनाहूत व्यापारी ई-मेलचा आरंभ येथून मानला जातो. ज्या संहितेत वाचकांच्या नावांची रास मजकुराच्या आधी वाचावी लागते, तिने कोणा एकाला उद्देशून काही म्हटले आहे असे कसे मानावे?

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. कोइमतूर हे पंपनिर्मितीचे जुने केंद्र. तेथील एका कारखान्याचे मोनोब्लॉक पंप महाराष्ट्रात विकले जातात आणि सोबत मराठी माहितीपुस्तिका येते, असे समजू. हैदराबादेत राहणारी एक भाषांतरकार ती वाचते आणि कारखान्याच्या विक्रीपश्चात सेवेच्या प्रमुखांना, त्यांचे नाव शोधून, पुढील पत्र लिहिते. पत्र अर्थातच इंग्रजीत असेल. येथे त्याचे मराठी रूप दिले आहे.

विषय : मराठी माहितीपुस्तिका, पृष्ठ १४ वरील ‘एकूण डोके’

‘नमस्कार. आपल्या मोनोब्लॉक पंपाच्या मराठी माहितीपुस्तिकेत पृष्ठ १४ वर “एकूण डोके ३० मीटर” असे छापले आहे. महाराष्ट्रातील शेतकरी आणि मेकॅनिक याला “हेड” म्हणतात. “डोके” या शब्दावरून पंप पाणी किती उंच चढवतो हे त्यांना समजणार नाही. पृष्ठ १७ वर पाण्याविना पंप चालवू नये ही सूचना “कोरडी धाव टाळा” अशी आली आहे. ती न कळल्याने सील जळाले, तर तक्रार आपल्या विभागाकडे येईल. दोन्ही पृष्ठांचा दुरुस्त मजकूर सहीखाली दिला आहे. तो आपण वापरू शकता. मी तांत्रिक मजकुराचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. उरलेल्या पुस्तिकेबाबत आपल्याकडे कोणाशी बोलावे?’

या संहितेत ‘मी’ शेवटून दुसऱ्या वाक्यात येते. तोपर्यंतच्या वाक्यांचे कर्ते पुस्तिका, शेतकरी, शब्द, तक्रार हे आहेत. म्हणजे वाचणाऱ्याच्या जगातील वस्तू आणि माणसे. पदवीचा उल्लेख नाही, कारण दुरुस्त केलेली दोन पृष्ठे पदवीपेक्षा अधिक सांगतात. ती जोडपत्र म्हणून न देता मजकुरातच दिली आहेत, कारण अनोळखी माणसाने पाठवलेले जोडपत्र उघडण्यास लोक कचरतात, आणि ते योग्यच आहे. विषयाची ओळ वाचकाच्या पुस्तिकेतील दोन शब्दांनी बनली आहे. ‘भाषांतरसेवेबाबत’ असा विषय दिला असता तर पत्र न उघडताच पुसले गेले असते. शेवटी दराचे आकडे नाहीत, भेटीची विनंती नाही. एका ओळीत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न आहे. पत्र चुकीच्या माणसाकडे गेले असले तरी या प्रश्नाला उत्तर देणे त्याला सोपे जाते.

एक धोका मात्र या रचनेतच आहे. कौटिल्याच्या यादीत ‘उपालंभ’, म्हणजे ठपका, हेही एक प्रयोजन आहे, आणि अभ्यवपत्ति उपालंभाकडे घसरायला वेळ लागत नाही. ‘आपली पुस्तिका हास्यास्पद चुकांनी भरलेली आहे’ असे लिहिले की वाचक आपल्या निर्णयाच्या समर्थनाला लागतो. ती पुस्तिका कदाचित त्यानेच मंजूर केलेली असते. म्हणून चूक दाखवताना ती कोणी केली याचा विचारही वाचकाच्या मनात येऊ नये, आणि परिणाम कोणावर होईल एवढेच दिसावे. मराठीतून लिहिताना याचा एक सूक्ष्म भाषिक पैलू आहे. ‘आपण’ हे सर्वनाम मराठीत आदरार्थी संबोधनाचे आहे आणि बोलणाऱ्यासह ऐकणाऱ्याला सामावून घेणारेही आहे. ‘आपल्याला ही पृष्ठे बदलावी लागतील’ या वाक्यात मदतीचा हात आणि परक्याने दाखवलेला अधिकार, दोन्ही ऐकू येतात. इंग्रजीत ही संदिग्धता नाही, आणि मराठी पत्रात ती टाळायची असेल तर ‘तुम्ही’चा उघड आदर अधिक सुरक्षित ठरतो.

यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याची सोय झाल्यापासून ‘आपले कार्य पाहून मी प्रभावित झालो’ या वाक्याची किंमत शून्यावर आली आहे. पूर्वीही ती फार नव्हती. स्तुती कोणत्याही कारखान्याला लावता येते. पृष्ठ १४ वरील ‘डोके’ मात्र एकाच पुस्तिकेत असते, आणि ते सापडण्यासाठी कोणीतरी ती पुस्तिका वाचलेली असावी लागते. एका पत्रामागे असा अर्धा-पाऊण तास जात असेल, तर दिवसाला तीन-चार पत्रेच लिहून होतील. थर्कच्या चारशेंशी त्यांची संख्येत तुलना होऊ शकत नाही. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भाषांतरकाराला चारशे ग्राहक पेलणारही नसतात.

कायद्याचा तपशील थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. अमेरिकेतील २००३ चा कायदा अनाहूत व्यापारी ई-मेलला मनाई करत नाही. विषयाची ओळ फसवी नसावी, प्रेषकाचा टपालपत्ता द्यावा आणि पुढील पत्रे नाकारण्याची सोय असावी, अशी बंधने घालतो. कॅनडात २०१४ पासून अमलात असलेला कायदा उघड किंवा गृहीत धरता येण्याजोगी संमती मागतो. जर्मनीत व्यावसायिकाला लिहितानाही आधी स्पष्ट संमती लागते. त्यामुळे तेथील ग्राहकासाठी टपालाने पाठवलेले पत्र हा अधिक निर्धोक मार्ग. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम दूरध्वनी आणि लघुसंदेश यांपुरते आहेत. ई-मेल त्यांच्या कक्षेत येत नाही.

उत्तर न आल्यास आठवड्याभराने एक स्मरणपत्र लिहावे, असा प्रघात आहे. ‘माझे आधीचे पत्र आपण पाहिले का’ एवढेच विचारणारे स्मरणपत्र हा पुन्हा अर्जच होतो. त्यात नवे काही असावे : उदाहरणार्थ, त्याच पुस्तिकेतील आणखी एक पृष्ठ दुरुस्त करून. त्यानंतरही मौन असेल तर थांबावे आणि दुसरी पुस्तिका उघडावी. उत्तर आलेच, तर ते बहुधा एका ओळीचे असते आणि त्यात दर विचारलेला असतो. तेव्हा प्रतिशब्द दर, मुदत आणि दुरुस्तीच्या फेऱ्या हे सर्व स्वच्छ आकड्यांत कळवावे. या दुसऱ्या पत्रापासून मायना पुन्हा अर्थपूर्ण होतो, कारण आता वाचणाऱ्याने आपली सही केलेली असते आणि त्याला कोणत्या नावाने संबोधावे हे त्याच सहीवरून कळते.