पाणी वगळून बांधलेला शिधा

कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला गेलेल्या माणसाचं ओझं शेवटच्या दिवशी सगळ्यांत जास्त असतं. इतर डोंगरभटक्यांचं उलटं होतं. शिधा संपत जातो तशी त्यांची सॅक हलकी होत जाते. एल्क हे आपल्या सांबराहूनही मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे भरतो आणि हाडं वेगळी केली तरी १०० किलोच्या आसपास मांस निघतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथल्या कायद्याला मंजूर नाही. गाडी उभी असते दहा-बारा किलोमीटरवर, वाटेत चढउतार, आणि पाठीवर एका वेळी फार तर ३०-३५ किलो. म्हणजे तीन खेपा ठरलेल्याच. पाच दिवस रान तुडवून झाल्यावर या खेपा मारायला अंगात बळ शिल्लक हवं, आणि ते बळ देणारं खाणंही आधी स्वतःच्याच पाठीवरून वर न्यायला हवं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली आणि ती योग्यच आहे असं माझं मत आहे. अमेरिकेत परवाने मोजून देतात, हंगाम आखून देतात. कोलोरॅडोत धनुष्यबाणाची शिकार सप्टेंबरात, बंदुकीची मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात. शिकारीबद्दल मत काहीही असो, या लोकांच्या शिध्याकडे मात्र जरूर पाहावं. शरीर, अन्न आणि वजन यांचा इतका चोख हिशेब फार थोड्या ठिकाणी मांडावा लागतो.

या हिशेबाची सुरुवात पाण्यापासून होते. शिजलेल्या १०० ग्रॅम भातातून साधारण १३० कॅलरी मिळतात, तेवढ्याच कोरड्या तांदळातून ३६०. (कॅलरी म्हणजे इथे रोजच्या बोलण्यातली, शास्त्राच्या भाषेतली किलोकॅलरी.) सफरचंदातून जेमतेम ५०. हा सगळा फरक पाण्याचा. पाण्याला वजन आहे, ऊर्जा शून्य. ते काढून टाकल्यावर जे उरतं त्यातली पिष्टं, साखर आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ कॅलरी देतात आणि स्निग्ध पदार्थ ९. शेंगदाणे १०० ग्रॅमला ५७०च्या घरात जातात ते त्यांच्यातल्या तेलामुळे. तूप ९००ला टेकतं. मुरलेला शिकारी १०० ग्रॅमला सरासरी ४५० कॅलरी पडतील असा शिधा जमवतो. दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम, म्हणजे साधारण ३,१५० ते ३,६०० कॅलरी. चढणीच्या दिवसांत खर्च याहून जास्त होतो, पण पाच-सहा दिवसांची तूट शरीर सोसतं. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात.

हलका आणि टिकाऊ शिधा बांधण्याची विद्या उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात फार जुनी आहे. क्री, ब्लॅकफूट आणि पुढे मेटी लोकांचं पेमिकन हा तिचा कळस. बायसनच्या मांसातली चरबी काढून टाकायची, मांसाच्या पातळ पट्ट्या उन्हात आणि मंद आचेवर वाळवायच्या, कडकडीत झाल्या की कातड्यावर पसरून दगडानं कुटायच्या. चार-पाच किलो मांसाचा एक किलो भुगा होतो. काढलेली चरबी वेगळी वितळवायची, तिच्यातलं पाणी उडेपर्यंत कढवायची आणि गरम असतानाच जवळजवळ समभाग भुग्यात कालवायची. कधी त्यात सॅस्कटून नावाची जांभळट फळं वाळवून घालत. हे मिश्रण बायसनच्याच कातड्याच्या पोत्यात ठासून भरायचं आणि पोतं शिवून टाकायचं. एका पोत्याचं वजन ४० किलोच्या आसपास. १०० ग्रॅमला सहाशेहून अधिक कॅलरी देणारा हा पदार्थ शिजवल्याशिवाय खाता येई आणि वर्षानुवर्षं टिके.

चरबी आधी काढायची आणि मग पुन्हा घालायची, हा उलटा व्यवहार वाटेल. त्यात रसायनशास्त्र आहे. जिवाणू आणि बुरशीला वाढायला मोकळं पाणी लागतं, आणि मांस नीट वाळलं की ते त्यांना मिळत नाही. पण चरबीच्या थराखालचं पाणी सहजी उडत नाही, शिवाय हवेत पडून राहिलेली चरबी खवट होते. म्हणून मांस वाळेपर्यंत ती दूर ठेवायची. नंतर वितळलेली चरबी भुग्याच्या कणाकणांतल्या फटी भरते, थंड होऊन गोठते आणि हवेला आत शिरू देत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांची चरबी बरीचशी संपृक्त असते, ती ऑक्सिजनशी सावकाश जुळते. हे सगळं त्या बायकांनी (कुटणं, कढवणं बहुतेक त्यांच्याकडेच असे) रेणूंची नावं माहीत नसताना हातानं शोधून काढलं होतं.

फरच्या व्यापारातल्या होड्या याच शिध्यावर चालत. अलेक्झांडर मॅकेन्झी १७९३मध्ये खंड ओलांडून पॅसिफिकला पोचला तो पेमिकनच्या बळावर. जानेवारी १८१४मध्ये रेड रिव्हर वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅकडोनेल यानं पेमिकन बाहेर न्यायला बंदी घातली, तेव्हा मेटी आणि फरचा व्यापार करणारी नॉर्थ वेस्ट कंपनी खवळली. १९ जून १८१६ रोजी, आजच्या विनिपेगमध्ये जिथे सेव्हन ओक्स आहे तिथे, चकमक झडली आणि तेव्हाचा गव्हर्नर रॉबर्ट सेंपल वीसेक माणसांसह मारला गेला. पुढे १८८०च्या दशकापर्यंत बायसन जवळजवळ संपवले गेले आणि पेमिकनचा आधारच तुटला.

पेमिकनमधला चरबीचा वाटा चैनीचा नव्हता. रानटी जनावराचं मांस फार कोरडं असतं. एल्कच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं आणि चरबी जेमतेम दीड ग्रॅम. जादा प्रथिनांतला नायट्रोजन यकृताला युरिया बनवून बाहेर टाकावा लागतो आणि त्याच्या या कामाला मर्यादा आहे. एकूण ऊर्जेचा तिसऱ्या हिश्श्याहून बराच जास्त भाग प्रथिनांतून यायला लागला की मळमळ, जुलाब, थकवा सुरू होतो आणि पोट भरलेलं असूनही माणूस खंगत जातो. हिवाळ्यात नुसत्या सशांवर जगणाऱ्यांची अशी गत होई, म्हणून तिथे याला ‘सशाची उपासमार’ म्हणत. आर्क्टिकचा प्रवासी विल्हयाल्मर स्टेफान्सन १९२८मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली केवळ मांसाहारावर राहिला. सुरुवातीला त्याला बिनचरबीचं मांस दिलं, तर दोन-तीन दिवसांत तो आजारी पडला. चरबी मिळताच सावरला. त्यामुळे तळावर १०० किलो मांस टांगलेलं असलं तरी शिकाऱ्याला तेल, लोणी, दाणे लागतातच.

कशाचं प्रमाण किती, याची मला सर्वांत मोलाची वाटणारी परीक्षा १९११च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात झाली. स्कॉटच्या मोहिमेतले विल्सन, बोवर्स आणि चेरी-गॅरार्ड एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला निघाले. अखंड काळोख, तापमान कधी कधी उणे ६०. शिधा चारच जिन्नसांचा: पेमिकन, बिस्किटं, लोणी, चहा. तिघांनी मुद्दाम प्रमाण वेगवेगळं ठेवलं. विल्सननं लोणी वाढवलं, बोवर्सनं पेमिकन, चेरी-गॅरार्डनं बिस्किटं. बिस्किटं खाणाऱ्याची भूक भागेना, छातीत जळजळ होई, हिमदंशही त्यालाच जास्त. त्याचं मन सारखं स्निग्ध पदार्थाकडे धावे. विल्सनला रोजचं सगळं लोणी संपवता येईना. शेवटी दोघांनी लोणी आणि बिस्किटांची अदलाबदल केली आणि दोघांचंही बरं चाललं. पाच आठवडे जिवाशी गाठ असताना केलेला हा प्रयोग चेरी-गॅरार्डनं १९२२च्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवला. तीन माणसांवरून नियम बांधता येत नाही, पण भूक नेमकं काय मागते याची इतकी प्रामाणिक नोंद क्वचितच सापडते.

तरी कोलोरॅडोच्या चढणीवर नुसती चरबीही पुरत नाही. स्नायू आणि यकृतात मिळून अर्धा किलोपर्यंत ग्लायकोजेन मावतं. दमवणारा चढ याच साठ्यावर चढला जातो. तो आटला की पाय एकाएकी गळतात. शिवाय तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये पिष्टं चरबीपेक्षा सहा-सात टक्के जास्त ऊर्जा देतात. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी असतो, तिथे हा फरक जाणवण्याइतका असतो. म्हणून सकाळी ओट्स, चढताना थोड्या थोड्या वेळानं बेदाणे किंवा गोड वडी, आणि स्निग्ध जड खाणं रात्री, झोपेतल्या थंडीसाठी. मांसाच्या खेपांच्या दिवसासाठी जाणकार लोक साखरेचे जिन्नस वेगळे राखून ठेवतात. तो दिवस आलाच नाही तर ते परत येतात, पण आला तर त्यांना पर्याय नसतो.

निघायच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वजनकाटा असतो आणि झिपच्या पिशव्यांची रांग. एका दिवसाची एक पिशवी, वर वजन लिहिलेलं. मक्याच्या तळलेल्या चिप्स आधी चुरतात, कारण त्यांच्यात हवाच जास्त. चुरलेल्या चिप्स मुठीएवढ्या जागेत बसतात आणि चमच्यानं खाता येतात. पीनट बटर, टॉर्टिया, चीज, खारवून वाळवलेलं मांस, वर तेलाची छोटी बाटली. विकतच्या वड्यांची चकचकीत वेष्टनं काढून टाकतात, कारण शांत रानात त्यांचा चुरचुर आवाज एल्कच्या कानांना लांबून कळतो. नोव्हेंबरातल्या सकाळी वडी दगडासारखी होते, ती तासभर आतल्या खिशात ठेवली की दातांना दाद देते. एकच चांगली वडी सगळे दिवस खाऊ, हा बेत मात्र फसतो. तीच चव पुन्हापुन्हा आली की तिच्यापुरती भूक मरते. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. उंचीवर भूक आधीच मंदावलेली असते. त्यामुळे खारट, तिखट, आंबट असं काहीतरी हवंच, त्याच्या कॅलरी कमी असल्या तरी.

रात्रीच्या जेवणाला बहुतेकांकडे गोठवून वाळवलेल्या अन्नाचं पाकीट असतं. अन्न आधी गोठवतात, मग जवळजवळ निर्वात पोकळीत ठेवून हलकी ऊब देतात. दाब इतका कमी असतो की बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. पेशींची रचना तशीच राहते, फक्त पोकळ, आणि गरम पाणी ओतलं की ते त्या पोकळ्यांत भराभर शिरतं. पेरू-बोलिव्हियाच्या पठारावरचे लोक रात्रीच्या कडाक्यात बटाटे गोठवून, दिवसा तुडवून, उन्हात वाळवून ‘चुन्यो’ करत आले आहेत. तत्त्व पुष्कळसं तेच. अमेरिकी लष्करानं व्हिएतनाम युद्धात लांबच्या गस्तींसाठी अशी पाकिटं वापरली आणि तिथून ती डोंगरभटक्यांकडे आली.

या पाकिटांच्या हलकेपणावर माझा मुख्य आक्षेप आहे तो असा, की पाकिटावर लिहिलेलं वजन अपुरं असतं. स्टोव्ह, भांडं आणि गॅसचा लहान डबा मिळून अर्धा किलो होतो. तेवढ्या वजनात २,००० कॅलरींचं कोरडं खाणं बसलं असतं. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं, म्हणून पाकीट जास्त वेळ झाकून ठेवावं लागतं. गरम जेवणातून अंगाला मिळणारी प्रत्यक्ष उष्णताही नगण्य: ६० अंशांचं अर्धा लिटर सूप शरीराला बारा कॅलरींहून कमी उष्णता देतं. गरम जेवणाचा खरा लाभ वेगळा आहे. दमलेला माणूस ते खातो आणि त्याच्यासोबत पाणी पितो.

आणि हे पाणी जवळपास मिळायला हवं. कोलोरॅडोत ओढे आहेत, वितळणारा बर्फ आहे, म्हणून तिथे पाणी मागे ठेवून जाता येतं. आपल्या ट्रेकर मंडळींनी हीच पाकिटं एप्रिलमध्ये सह्याद्रीत नेताना गडावरच्या टाक्यांची चौकशी आधी करावी. उन्हाळ्यात कित्येक टाकी आटतात किंवा त्यांतलं पाणी पिण्याजोगं राहत नाही. १२० ग्रॅमच्या पाकिटाला अर्धा लिटर पाणी लागतं, आणि ते पायथ्यापासून नेलं तर त्या जेवणाचं वजन सहाशे ग्रॅमच्या वर जातं, वर स्टोव्हचं वेगळं. खारं मांस किंवा प्रथिनांच्या वड्या खाल्ल्या तर युरिया बाहेर टाकायला आणखी पाणी लागतं. अशा गडावर दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा हा शिधा सरस ठरतो: दशमीत खाण्यापुरता ओलावा आहे, ती दोन-तीन दिवस टिकते, शिजवावी लागत नाही, आणि बाटलीतलं पाणी सगळंच्या सगळं पिण्यासाठी उरतं.