फ्लॅटचा प्लॅन ब्रोशरमध्ये धूसर का होतो? ३.३५ मीटरचे ३.८५ कसे दिसू लागतात?

पाडवा किंवा दसरा जवळ आला की घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फ्लोअर प्लॅनचा पाऊस पडतो. प्लॅन उघडायचा, दोन बोटांनी मोठा करायचा आणि बेडरूमचं माप वाचायला जायचं. तिथे आकड्याच्या जागी राखाडी ठिपके! ३ आहे की ८, कळत नाही. सेल्स ऑफिसमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘साईटवर या, छापील ब्रोशर देतो.’ अनेकदा त्या छापील ब्रोशरमध्येही तेच ठिपके असतात.

हे फक्त दिसण्याचं प्रकरण नाही. समजा, खोलीचं माप ३.३५ बाय ३.०५ मीटर आहे आणि धूसरपणामुळे ते ३.८५ बाय ३.०५ असं वाचलं गेलं. फरक दीड चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १६ चौरस फुटांचा. चौरस फुटाला १० हजार रुपये दर धरला तर एका आकड्यात १ लाख ६० हजार रुपयांच्या आसपासचा घोळ.

मूळ प्लॅन तर स्पष्ट असतो, मग बिघडतं कुठे?

आर्किटेक्टच्या ऑफिसमध्ये प्लॅन बहुतेक वेळा ऑटोकॅडमध्ये तयार होतो. तिथली भिंत ही ‘चित्र’ नसते. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, इतक्या जाडीची रेघ, अशी ती नोंद असते. याला व्हेक्टर म्हणतात. कितीही मोठं केलं तरी संगणक रेघ नव्याने काढतो, त्यामुळे ती फाटत नाही. जेपीजी किंवा पीएनजी मात्र ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची जाळी असते. एकदा रेघेचे ठिपके झाले की त्यातून मूळ रेघ परत मिळत नाही.

पण खरी गंमत आकारात आहे. आर्किटेक्ट प्लॅन मोठ्या कागदासाठी बनवतो. समजा ए१ आकार, ८४१ बाय ५९४ मिलिमीटर. त्यावर मापांचे आकडे २.५ मिलिमीटर उंच असले की व्यवस्थित वाचता येतात. हाच प्लॅन ए४ ब्रोशरमध्ये बसवला की सगळं २.८३ पटीने लहान होतं आणि आकडा जेमतेम ०.८८ मिलिमीटरचा उरतो. छपाईसाठी नेहमीचं रिझोल्यूशन ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. त्या हिशेबाने आकड्याच्या उंचीला साधारण १० ठिपके मिळतात. डोळे बारीक करून का होईना, वाचता येतो.

आता हाच प्लॅन फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. नेहमीच्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १,६०० पिक्सेलवर आणली जाते. आकड्याच्या वाट्याला पाचसुद्धा ठिपके पुरते येत नाहीत. कुणी १,०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उभा स्क्रीनशॉट काढून पुढे ढकलला तर उरतात तीन. तीन ठिपक्यांच्या उंचीत ३ आणि ८ वेगळे दाखवणं कुठल्याही स्क्रीनला जमणार नाही. झूम करून उपयोग नाही, कारण झूम फक्त ठिपका मोठा करतो.

रेघांचंही तेच. ए१ वरची ०.१८ मिलिमीटरची रेघ ए४ वर ०.०६ मिलिमीटरची होते. ३०० डीपीआयमध्ये एक ठिपकाच सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे रेघ ठिपक्यापेक्षा बारीक! मग ती राखाडी होते नाहीतर तुटक येते. खिडकी आणि भिंत यातला फरक जातो तो इथेच.

जेपीजीच का नको?

जेपीजी फोटोसाठी बनलं आहे. ते चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी करून फाइल लहान करतं. आकाश, चेहरा, झाडं यांत ते खपून जातं. पांढऱ्या कागदावर काळी रेघ म्हणजे मात्र अचानक बदल आणि नेमका तोच जेपीजीला झेपत नाही. रेघेभोवती मळकट डाग दिसतात ते त्यामुळे. शिवाय प्रत्येक वेळी उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केलं की थोडं आणखी जातं. आर्किटेक्टकडून डिझायनरकडे, तिथून मार्केटिंगकडे, मग एजंटकडे, अशा प्रवासात प्लॅनचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

मग करायचं काय?

ब्रोशर बनवणाऱ्याने आर्किटेक्टकडे जेपीजी मागूच नये, पीडीएफ मागावी. ऑटोकॅडच्या प्लॉटमध्ये ‘डीडब्ल्यूजी टू पीडीएफ’ निवडलं की रेघा व्हेक्टरच राहतात. ही पीडीएफ कोरल ड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये थेट इम्पोर्ट होते. छापखान्यात ‘कर्व्ह करून पाठवा’ असं सांगतात तेही करावं, म्हणजे फॉन्ट बदलून आकड्यांचा गोंधळ होत नाही.

मात्र व्हेक्टर फाइल वापरली तरी ०.८८ मिलिमीटरचा आकडा तेवढाच राहतो. इथे सॉफ्टवेअर मदत करत नाही, माणसाला बसावं लागतं. प्लंबिंग, वायरिंग, कॉलमचे क्रमांक असे ग्राहकाला नको असलेले लेयर बंद करायचे, रेघांची जाडी वाढवायची आणि मापं ब्रोशरच्या आकाराला शोभतील अशा टाइपात नव्याने लिहायची. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, म्हणूनच टाळलं जातं. नव्याने लिहिलेलं प्रत्येक माप मूळ प्लॅनशी ताडून बघणं हे अर्थातच आलं.

इमेजच हवी असेल तर पीएनजी घ्यावी, आणि ती छापायच्या अंतिम आकारात ३०० डीपीआयची. पूर्ण ए४ साठी हे ३,५०८ बाय २,४८० पिक्सेल होतात. लहान इमेज फोटोशॉपमध्ये उघडून डीपीआयच्या चौकटीत ३०० लिहिल्याने काहीही सुधारत नाही.

काही सॉफ्टवेअर न विचारता दर्जा कमी करतात. पॉवरपॉइंटमधून १६:९ स्लाइड इमेज म्हणून काढली की मूळ सेटिंगमध्ये ती १,२८० बाय ७२० पिक्सेलचीच येते. वर्ड फाइल सेव्ह करताना चित्रं दाबतो. ते थांबवायची सोय ऑप्शन्समधल्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात आहे. कॅनव्हात डाउनलोड करताना ‘पीडीएफ स्टँडर्ड’ नव्हे, ‘पीडीएफ प्रिंट’ निवडावं.

छपाईतली एक खोच नवख्यांना माहीत नसते. स्क्रीनसाठीचा काळा रंग छपाईला जाताना चार शाईंत विभागला जातो. प्लेट केसभर सरकली तरी बारीक रेघेच्या बाजूला निळी-गुलाबी सावली येते. रेघा आणि आकडे फक्त काळ्या शाईत ठेवले की हा प्रश्न मिटतो.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर? प्लॅन फोटो म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइल जशीच्या तशी जाते. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला ‘एचडी’ पर्याय नेहमीच्या फोटोपेक्षा बरा, पण त्यातही फाइल दाबली जातेच.

धूसर नाही, स्वच्छ पण चुकीचं

धूसर आकडा निदान संशय तरी निर्माण करतो. २०१३ मध्ये जर्मनीत याच्या उलट घडलं. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिसेल यांच्यासमोर झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मशीनवर स्कॅन केलेला एका घराचा प्लॅन आला. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३! आकडे अगदी सुबक, ठळक. मशीनमधली जेबिग२ ही पद्धत जागा वाचवण्यासाठी सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून सगळीकडे वापरत होती आणि बारीक आकडे तिला सारखेच वाटले. कंपनीला पुढे सॉफ्टवेअर दुरुस्ती द्यावी लागली.

घर घेणाऱ्याने काय बघावं?

ब्रोशरवरून बुकिंगची रक्कम देऊ नये. रेरा कायदा, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम भरली आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. पण त्यासाठी माहितीपत्रकात नेमकं काय लिहिलं होतं, ते वाचता तर यायला हवं. बुकिंगच्या वेळी मंजूर प्लॅन बघायला मिळणं हा कलम ११ नुसार ग्राहकाचा हक्क आहे, तो मागून घ्या. खोलीचं माप आणि रेरा कार्पेट एरिया यांची गल्लत करू नका. कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पाच्या जाहिरातींवर क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती थेट महारेराच्या संकेतस्थळावर उघडते. फक्त हा कोडही त्याच दाबलेल्या जेपीजीत चिकटवलेला असला, तर फोनचा कॅमेरा तो ओळखत नाही. अशा वेळी बाजूचा महारेरा नोंदणी क्रमांक बघून संकेतस्थळावर टाइप करावा, आणि तोही वाचता येत नसेल तर एजंटकडून लिहून घ्यावा.