सामुदायिक आरोग्य आणि ग्रामविकास : जामखेड प्रकल्पाचा एक अभ्यास

प्रस्तावना

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या अभ्यासक्रमांतून सर्वांना परिचित आहे. परंतु या व्याख्येतील ‘सामाजिक’ हा शब्द प्रत्यक्ष खेड्यात कसा उतरवावयाचा, याचे उत्तर पुस्तकात सहज सापडत नाही. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तत्कालीन अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सुरू केलेला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प हा अशा उत्तराचा एक महत्त्वाचा प्रयत्न होय. या प्रकल्पाची कार्यपद्धती, फलनिष्पत्ती व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रकल्पाची रचना

जामखेड हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण तालुका. येथील बहुसंख्य आजारांचे मूळ अपुरा आहार, अशुद्ध पाणी आणि अज्ञान यांत होते. या आजारांसाठी मोठ्या रुग्णालयापेक्षा गावातच उपलब्ध असणारी सेवा अधिक उपयुक्त ठरेल, हे ध्यानात घेऊन त्रिस्तरीय रचना उभारण्यात आली. गावपातळीवर ग्रामआरोग्य कार्यकर्ती, तिच्या मदतीला गावोगावी फिरणारे आरोग्य पथक आणि गंभीर रुग्णांसाठी जामखेडचे रुग्णालय असे हे तीन स्तर होत.

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावात ठेवण्याचा प्रयत्न झाला. परक्या गावात एकटीने राहणे त्यांना कठीण गेले आणि गावकऱ्यांशी त्यांचा संवादही जुळेना. त्यामुळे गावातीलच स्त्रीला प्रशिक्षण देण्याचा मार्ग पुढे आला. अशा स्त्रियांपैकी अनेक निरक्षर होत्या, काही दलित समाजातील होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला मुक्कामास येत, शिकलेले गावात वापरून पाहत आणि पुढील खेपेस अडचणी घेऊन परतत. प्रशिक्षण हे एकदाच उरकण्याचे शिबिर नव्हते. ती अखंड चालणारी शिक्षणप्रक्रिया होती. गर्भारपणी अधिक खाल्ल्यास बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड होते, हा समज डॉक्टरच्या व्याख्यानाने जात नाही. मात्र शेजारच्याच बाईने, स्वतःच्या बाळंतपणाच्या अनुभवासह सांगितल्यास तो ढळू शकतो. कार्यकर्तीचे खरे सामर्थ्य औषधांच्या पेटीपेक्षा या विश्वासात होते.

आरोग्याचा विकासाशी संबंध

गावकऱ्यांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती. अन्न व पाणी यांची होती. १९७२ च्या दुष्काळाने ती अधिकच तीव्र केली. प्रकल्पाने ही मागणी बाजूस न सारता तिलाच आरंभबिंदू मानले. शेतकरी मंडळे व महिला विकास मंडळे स्थापन झाली. जलसंधारण, वृक्षलागवड, बचत व लघुउद्योग ही कामे आरोग्यकार्याशी जोडली गेली.

हातपंपांच्या जागा निवडताना दलित वस्तीचा जाणीवपूर्वक विचार झाला. परिणामी पाण्यासाठी इतर वस्त्यांतील लोकांची पावलेही तिकडे वळली. अतिसार रोखणारा हातपंप अशा रीतीने अस्पृश्यतेवरील कृतीही ठरला. आरोग्य व सामाजिक न्याय परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत, हे येथे स्पष्ट होते.

फलनिष्पत्ती

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला अर्भकमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगाचा समावेश झाला, तर १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

तथापि संस्थेच्या स्वतःच्या नोंदींवर विसंबून राहणे अभ्यासकास पुरेसे वाटू नये. या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेले तुलनात्मक मूल्यमापन मोलाचे आहे. प्रकल्पाच्या गावांत पहिल्या महिन्यानंतर पाच वर्षांपर्यंतच्या बालकांचा मृत्यूचा धोका इतर गावांच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. मात्र पहिल्या महिन्यातील मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही.

मर्यादा व पुढील वाटचाल

हा निष्कर्ष प्रकल्पाचे महत्त्व कमी करीत नाही, तर त्याची कक्षा दाखवितो. आहार, पाणी, लसीकरण व लोकजागृती यांनी मोठ्या अर्भकांचे प्राण वाचतात. नवजात बालकास मात्र विशिष्ट उपचारांची जोड लागते. ही जोड गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दिली. तेथे ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली व जंतुसंसर्गावर उपचार केले. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले.

शासनाने २००५ मध्ये ‘आशा’ योजना सुरू केली आणि २०११ पासून घरपोच नवजात सेवेचे काम ‘आशां’कडे सोपविले. कल्पना स्वीकारली गेली. परंतु जामखेडची कार्यकर्ती गावाला उत्तरदायी होती, तर ‘आशा’ला प्रामुख्याने कामागणिक मोबदला मिळतो व अहवाल वर द्यावा लागतो. कार्यकर्तीची संख्या वाढविता येते. तिच्यामागील गावाचे संघटन आदेशाने निर्माण होत नाही.

निष्कर्ष

जामखेडच्या अनुभवातून तीन बाबी अधोरेखित होतात : निरक्षरता ही अकुशलता नव्हे, आरोग्यकार्याचा आरंभ लोकांच्या निकडीपासून व्हावा, आणि सेवाभावी कार्याचेही तुलनात्मक मूल्यमापन व्हावे. यातील तिसरी बाब महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. आपल्या परिसरातील संस्थांच्या कार्याचा असा अभ्यास समाजशास्त्र, अर्थशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी एकत्रितपणे हाती घेतल्यास संस्थांना आपल्या उणिवा समजतील आणि संशोधनही समाजोपयोगी होईल.