एक नळ, दोन रकाने : घर की धंदा?

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक तरुण रंगारी नळजोडणीचा अर्ज घेऊन दुकानी आला. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा आणते आणि हा त्या रंगाला जुळवून ओढणी, ब्लाऊजपीस रंगवून देतो. पुढच्या पडवीत शेगडी आणि पातेली, मागच्या खोलीत संसार. त्याने विचारले, "चाचा, घरगुती लिहू की व्यापारी? घर एकच, नळही एकच."

अर्ज साधा होता, प्रश्न मात्र साधा नव्हता. शिंपी, रंगारी, गादीवाले, खानावळवाले अशा आपल्या बहुतेक कारागीर बंधूंचे घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतो. कायदा मात्र दोन रकाने मांडतो. हे रकाने कुठून आले, हे समजून घेतले तर आपली बाजू नीट मांडता येईल.

नळापूर्वीची मुंबई

ही विभागणी आपल्याकडे रुजली ती इंग्रजांच्या राज्यात, मुंबईत. त्याआधी मुंबई तलावांवर आणि विहिरींवर जगत होती. धोबीतलाव, दोनटाकी, गवालिया टँक ही नावे त्याच काळाची आठवण आहेत. माल खरेदीला गेलेल्या व्यापाऱ्यांना जुम्मा मशीद माहीत असतेच. 1775 ते 1802 या काळात ती बांधली गेली. जागा एका कोकणी मुस्लिम व्यापाऱ्याच्या ताब्यात होती आणि तिथला जुना तलाव कायम ठेवायचा, या अटीवर ती मिळाली. तो तलाव आजही मशिदीच्या पोटात आहे. पाण्याचा कायदा तेव्हा असा होता. मालकाची अट आणि लोकांनी पाळलेला शब्द. घरोघरी पाणी पोहोचवणारा भिश्ती पखालीचे पैसे घेई. ते पाणी स्वयंपाकाला लागणार की रंगाच्या पातेल्यात जाणार, हे तो विचारत नसे.

शहर वाढले तसे हे पाणी पुरेना. 1854 च्या टंचाईत होड्यांनी आणि रेल्वेने पाणी आणून विहिरींत ओतावे लागले. 1856 मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले आणि 1860 मध्ये नळाने पाणी शहरात आले. पुढे 1879 मध्ये तुळशी आणि 1892 मध्ये तानसा तलावाचे पाणी मिळाले.

नळाबरोबर नियम आला

धरण आणि मैलोगणती नळ यांचा खर्च मोठा. तो वसूल कसा करायचा? 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने दोन वाटा ठेवल्या. एक, इमारतीच्या करयोग्य मूल्यावर पाणीपट्टी. दुसरी, मीटर लावून जितके पाणी तितके पैसे. त्याचबरोबर 'घरगुती वापर' म्हणजे काय नाही, हेही सांगितले गेले. विक्रीसाठी किंवा भाड्यासाठी ठेवलेली जनावरे, भाड्याच्या गाड्या धुणे, कारंजी, बागा, बांधकाम आणि कोणताही व्यापार-उद्योग हे सारे घरगुती वापराच्या बाहेर गेले. घरगुती पाणी धंद्याला वापरले तर जोडणी तोडण्याचा अधिकार पालिकेकडे आला.

हा नियम मुळात अन्यायाचा नव्हता. एका घराला दहा-वीस बादल्या लागतात, तबेल्याला शेकडो. सर्वांच्या पट्टीतून एकाचा धंदा का चालावा? पण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बंगला वेगळा आणि कारखाना वेगळा होता. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत धंदा करणारा कारागीर त्यांच्या हिशेबात बसला नाही.

धोब्यांच्या बाबतीत मात्र वेगळी वाट निघाली. 1890 च्या सुमारास महालक्ष्मीचा धोबीघाट उभा राहिला. पाणी पालिकेचे, दगड पालिकेचे आणि धोब्याने दगडामागे शुल्क भरायचे. धंद्याच्या पाण्याला धंद्याची जागा मिळाली, दर ठरला आणि रोजगारही टिकला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

विहिरींचे काय झाले?

1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतील हिवतापावर अहवाल दिला. हिवतापाचे डास घरोघरच्या विहिरींत वाढतात, असे त्यात दाखवले होते. पालिकेने विहिरी बुजवण्याचा किंवा झाकण्याचा तगादा लावला. पारशी आणि हिंदू समाजातून धार्मिक कारणाने विरोध झाला, तेव्हा झाकणे आणि जाळ्या बसवून तडजोड झाली. रोग खरा होता, उपायही खरा होता. पण जिथे विहीर बुजली, तिथे घरमालक नळावरच अवलंबून राहिला आणि भिश्त्याचा धंदा आटत गेला.

ज्या विहिरी वाचल्या त्यांची किंमत एप्रिल 2025 मध्ये कळली. भूजलाच्या परवान्यांच्या सक्तीवरून मुंबईच्या टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन खासगी विहिरी आणि टँकर ताब्यात घेण्याचे पाऊल उचलले. शंभर वर्षांपूर्वी ज्या विहिरी नकोशा झाल्या होत्या, त्यांच्यावाचून शहराचे अडले!

आपण काय करावे?

आपले मलकापूर विशाळगड जहागिरीचे ठाणे, कोल्हापूर संस्थानाच्या छत्राखालचे. मुंबईचा कायदा इथे थेट नव्हता. 1949 मध्ये संस्थान विलीन झाले आणि पुढे 1965 चा नगरपरिषद कायदा आला. पण घरगुती आणि बिगरघरगुती ही विभागणी आज गावोगावच्या पाणीदरांत दिसते. पावसाळ्यात आपल्याकडे छत्री मिटत नाही. तरी नळाच्या पाण्याचा हिशेब द्यावाच लागतो.

म्हणून व्यापारी बंधूंना चार गोष्टी सुचवाव्या वाटतात.

पहिली, अर्जात खरे तेच लिहा. आज वाचलेले चार पैसे उद्या थकबाकी आणि तोडलेली जोडणी होऊन अंगावर येतात. दुसरी, परवडत असेल तर धंद्याची जोडणी वेगळी घ्या. मीटरचा आकडा दर महिन्याला वहीत लिहा आणि पाण्याचा खर्च मालाच्या किमतीत धरा. आपण रंगाचा भाव धरतो, पाण्याचा विसरतो. तिसरी, परसातली विहीर बुजवू नका. झाकण लावा, गाळ काढा. रंग-धुलाईच्या कामाला ती उपयोगी पडते. रंगाचे सांडपाणी मात्र विहिरीजवळ मुरू देऊ नका.

चौथी गोष्ट एकट्याने होणारी नाही. घरातच काम करणाऱ्या लहान कारागिरांसाठी तिसरा रकाना हवा. घराएवढे पाणी घरगुती दराने, त्यावरचे मीटरप्रमाणे. नाहीतर धोबीघाटासारखी रंग-धुलाईची सामायिक जागा आणि ठरलेले शुल्क. फुकट पाणी कोणी मागू नये. दर भरतो, पण आमचे घर जसे आहे तसे कागदावर दिसू द्या, एवढीच मागणी असावी. शिंपी, रंगारी, खानावळवाले अशा सर्व जातिधर्मांच्या सह्या घेऊन अर्ज गेला, तर तो वाचावाच लागेल.

त्या तरुणाने माझ्यासमोर 'व्यापारी' असे लिहिले. खाली एक ओळ जोडली : "याच जागेत कुटुंबातील पाच माणसे राहतात." अर्ज दाखल झाला आहे. उत्तर काय येते, ते पाहू. पण ती ओळ आपल्यापैकी प्रत्येकाने लिहायला हवी.