माशांच्या अंड्यांना वाहत्या पाण्याचा आधार

पावसाळा सुरू होताच देशातील मत्स्यबीज केंद्रांमध्ये रोहू, कटला आणि मृगळ या माशांच्या प्रजननाचा हंगाम सुरू होतो. या काळात पाण्यातील प्राणवायू कमी पडल्यास एका रात्रीत टाकीतील सारी अंडी वाया जाऊ शकतात.

अंड्यातील कोवळ्या भ्रूणाला कल्ले नसतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू अंड्याच्या पातळ आवरणातून झिरपत आत जातो आणि त्यावरच भ्रूणाची वाढ होते. अंड्याला लागून असलेल्या पाण्यातील प्राणवायू सतत वापरला जातो. पाणी स्थिर असेल, तर तो पुरेशा वेगाने भरून निघत नाही. हे मासे नैसर्गिकरीत्या नदीच्या पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. पाण्यापेक्षा किंचित जड असलेली ही अंडी प्रवाहामुळे तळाशी साचत नाहीत.

तळ्याच्या साचलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काच्या साहाय्याने त्यांचे प्रजनन घडवून आणले. त्या यशाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे प्रचारात आलेल्या वर्तुळाकार हॅचरीत पाणी सतत गोल फिरते आणि अंड्यांना नदीचाच प्रवाह मिळतो.

तापमानाचा प्रश्न मात्र उरतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत खाली येते. उलट उबदार पाण्यात भ्रूणाची वाढ वेगाने होते आणि अंडी साधारण १४ ते १८ तासांत फुटतात. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच गरज वाढते. फुटण्याच्या सुमारास ही गरज सर्वाधिक असते. शिवाय मेलेली अंडी कुजतानाही प्राणवायू खर्च होतो.

म्हणून हॅचरीतील पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू राखणे इष्ट मानले जाते. प्रवाह अतिवेगवान असल्यास अंड्यांची आवरणे फाटतात, तर मंद झाल्यास अंडी तळाशी बसतात. वीज खंडित झाली तरी पाणी वाहते राहावे, यासाठी उंचावरील टाकी भरलेली असणे आवश्यक ठरते. मत्स्यशेतकऱ्याच्या हाती पडणारे मत्स्यजिरे या काही तासांच्या दक्षतेवर अवलंबून असते.