२५ हजार तासांचा एलईडी बल्ब दोन वर्षांतच का जातो?

वाशी, नेरुळ, खारघरमधल्या अनेक फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगमधले एलईडी दिवे एकेक करून मंदावतात किंवा बंद पडतात. खोक्यावर मात्र २५ हजार तास लिहिलेलं असतं. म्हणजे रोज ५ तास लावला, तर १३ वर्षांहून जास्त! मग गडबड कुठे होते?

उत्तर आहे उष्णता. जुना पिवळा बल्ब आपली बरीचशी उष्णता प्रकाशासोबतच बाहेर फेकतो. एलईडीची उष्णता मात्र चिपच्या मागून, बल्बच्या बुडातून बाहेर पडते. बंद सीलिंगमध्ये हवाच खेळत नाही, त्यात नवी मुंबईचा मे महिना!

चिप तापली की उजेड कमी होतो. पण बहुतेकदा आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टच्या एसी विजेचं डीसीत रूपांतर करणारं सर्किट. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

उजेड कमी पडतो म्हणून त्याच खाचेत ९ ऐवजी १५ वॅटचा बल्ब लावला, तर उष्णता आणखी वाढते. त्यापेक्षा कमी वॅटचे दोन दिवे लावा आणि बंद फिटिंगमध्ये चालेल असं खोक्यावर लिहिलेलाच बल्ब घ्या.